कल्हई : एका घरगुती विद्येचा इतिहास

मंडळाचा इतिहास लिहावयास बसले की इतिवृत्ताच्या वह्या, जमाखर्च आणि जुनी छायाचित्रे एवढ्या साधनांवर सहसा भागते. आम्हांला मात्र एक साधन मंडळाच्या कोठीघरात सापडले. खालच्या फळीवर तांब्याची तीन मोठी पातेली उपडी घातलेली होती. बाहेरून ती काळवंडली होती आणि आतून कल्हई उडून लालसर दिसत होती.

जमशेदपुरात मराठी माणूस आला तो कारखान्याच्या निमित्ताने. साकची नावाच्या खेड्यापाशी १९०८ साली बांधकाम सुरू झाले, १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले आणि १९१९ साली या वस्तीला जमशेदजी टाटांचे नाव मिळाले. पुढे नोकरीच्या निमित्ताने येथे बिऱ्हाडे थाटली गेली, तेव्हा ट्रंकांच्या जोडीला तांब्यापितळेची भांडी आली: घंगाळ, बंब, तपेली, पातेली. भांड्यांबरोबर ती राखण्याची विद्याही आली. तिचा उल्लेख कोणत्याही इतिवृत्तात नाही, कारण ती सासूकडून सुनेकडे तोंडीच गेली.

तांबे उष्णता झटकन पसरवते. म्हणून स्वयंपाकाला त्यासारखा धातू नाही. परंतु चिंच, आमसूल, ताक यांचा संपर्क होताच त्याचा अंश अन्नात उतरतो. पितळेचीही तीच गत. अशा अन्नाला आपल्या भाषेने स्वतंत्र क्रियापदच दिले आहे: आमटी 'कळकली'. यावरचा तोडगा म्हणजे भांड्याला आतून कथिलाचा पातळ लेप देणे, अर्थात कल्हई. हा शब्द अरबीतून आला असून मलाया द्वीपकल्पातील ज्या बंदरातून कथिल येई त्याच्या नावाशी त्याचा संबंध जोडला जातो. म्हणजे आमच्या आज्यांच्या चुलीवरच्या पातेल्यात समुद्रापलीकडचा व्यापारही शिजत होता म्हणायचा!

कल्हईवाला दारी आला की मुलांची सुट्टीच. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, कडेला चामड्याचा भाता. भांडे आधी वाळूने घासायचे. मोठे असले तर तो त्यात उभा राहून पायांनीच गरगर घाशी. मग ते तापवून त्यात नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उसळे. हा धूर म्हणजे मुलांना जादू वाटे; वस्तुतः नवसागर धातूवरील मळ काढतो आणि त्यामुळेच कथिल धरते. कथिलाची कांडी तापल्या तांब्याला टेकवायची, कापसाच्या बोळ्याने क्षणात फिरवायची आणि भांडे पाण्यात बुडवायचे. चर्र आवाज होई आणि तांबडे पातेले चांदीसारखे बाहेर येई.

पण खरी विद्या पुढेच होती. कथिल २३२ अंश सेल्सियसला वितळते. हा आकडा आमच्या आज्यांना ठाऊक नव्हता, तरी 'रिकामे पातेले चुलीवर ठेवू नये' हा दंडक प्रत्येकीला पाठ होता. बाहेरून भांडे चिंच आणि राखेने घासावे, कारण चिंचेचे आम्ल तांब्यावरचा काळेपणा विरघळवते आणि राखेतील क्षार तेलकटपणा काढतो. आतून मात्र हलक्या हातानेच धुवावे. उलथन्याने तळ खरवडू नये. कल्हईवाला कथिलात शिसे मिसळी, कारण शिसे स्वस्त आणि ते मिश्रण लवकर वितळे. म्हणून कल्हई होताच पांढऱ्या फडक्याने आतला भाग चोळून पाहायचा. फडके काळे झाले की पैसे द्यायचे नाहीत. शिसे विषारी असते हे पुस्तकात वाचून या बायकांनी फडके हाती घेतले नव्हते.

गंमत अशी की याच शहरात, गोलमुरीला, १९२० साली टिनप्लेट कंपनी स्थापन झाली. पोलादाचे पत्रे आम्लात धुऊन वितळलेल्या कथिलातून काढणे हा तेव्हा तिचा धंदा होता, म्हणजे कल्हईच, फक्त टनावारी. गृहस्थ दिवसभर कारखान्यात जे करी त्याच तत्त्वाची परीक्षा त्याची आई अंगणात फडक्याने घेत असे. दोघांनाही हे नाते कधी सुचले असेल, असे आम्हांला वाटत नाही.

मग भांडी बदलली. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली ॲल्युमिनियमची भांडी करविली होती. आपल्याकडे ती 'जर्मल' नावाने रुळली. पुढे हिंडालियम आले, स्टेनलेस स्टील आले, आणि तांब्याची पातेली वजनावर मोडीत गेली. गृहिणीचे कष्ट वाचले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. राखेने फाटलेले हात आम्ही पाहिले आहेत.

मात्र एका गणेशोत्सवात त्याची किंमत आम्ही मोजली. महाप्रसादाला मोठी भांडी कमी पडली, तेव्हा उत्साही तरुणांनी कोठीतली तांब्याची पातेली काढून लखलखीत घासली आणि चिंचगुळाची आमटी रात्रीच करून ठेवली. त्यांतले दोघे धातुशास्त्राचे पदवीधर होते! सकाळी एका वृद्ध आजींनी पळीभर आमटी वाटीत घेतली, जिभेला लावली आणि म्हणाल्या, "कळकली आहे. ओतून द्या." बाहेर पंगत बसत होती. थोडी कुरकुर झाली, एकाने 'वास तर येत नाही' असेही म्हटले. पण आजी पातेल्याजवळून हलेनात. शेवटी आमटी मोरीत गेली आणि त्या दिवशी सर्वांनी साधे वरण-भात खाल्ला. आजींनी हटवादीपणा केला असे तेव्हा आमच्यापैकी काहींना वाटले होते. पातेल्याच्या तळाशी हिरवट कड दिसली, तेव्हा ते गप्प झाले.

त्यानंतर कल्हईवाल्याचा शोध सुरू झाला. साकचीत कोणी मिळाला नाही. जुगसलाईच्या बाजारात एक वृद्ध कारागीर भेटला. त्याने दोन पातेल्यांना कल्हई केली. तिसऱ्याचा तळ बोटाने वाजवून पाहिला आणि 'हे आता आच सोसणार नाही' म्हणून परत दिले. आजींनी पदराच्या टोकाने दोन्ही पातेली आतून चोळून पाहिली. पदर पांढराच राहिला.