प्रतिसरकार, सातारचे : न्यायदान मंडळे आणि स्त्रियांची दाद

(१९४३–४६). दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या भूमिगत शासनाची गावोगावची न्यायव्यवस्था. त्या वेळी जिल्हा एकच होता. आज साताऱ्यात असलेले रहिमतपूर-कोरेगाव आणि आज सांगलीत असलेले वाळवा-तासगाव त्यात एकत्र नांदत होते. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

९ व १० सप्टेंबर १९४२ रोजी वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्च्यांवर गोळीबार झाला. कर्ते पुरुष कुणी लष्करात, कुणी तुरुंगात, कुणी भूमिगत. त्यात युद्धकाळातली महागाई आणि धान्याची टंचाई. अशा दिवसांत गावात दाद मागायला उरले होते पोलीस आणि सावकार, आणि दोघांचीही दहशतच होती. प्रतिसरकारने ही जागा घेतली. जमिनीचे तंटे, सावकारी, दरोडेखोरी यांबरोबरच बायकोला मारझोड करणे आणि तिला टाकून देणे हेही न्यायदान मंडळांपुढे गुन्हे ठरले. चावडीवर ‘घरातली भांडणं’ म्हणून झटकली जाणारी तक्रार स्वातंत्र्यलढ्याच्या कामकाजात आली, हे या मंडळांचे फार मोठे कार्य आहे. कमी खर्चात लागणारी गांधी-लग्ने हाही त्याच कार्यक्रमाचा भाग होता.

शिक्षा मात्र कठोर असत. पायांच्या तळव्यांवर मारण्याची शिक्षा तर आजही सांगितली जाते. शिवाय निवाडा बहुधा बाईला ‘नांदायला पाठवण्यात’ संपे. नवऱ्याला धाक बसे, पण घर त्याचेच राही. तिला स्वतःचे छप्पर मिळावे हा विचार तेव्हा पुढे आला नव्हता, आणि ही उणीव लहान नव्हती.

लढ्यात स्त्रिया स्वतःही होत्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी पोलीस चौकीबाहेर नवरा बायकोला मारतो आहे असा बनाव रचण्यात भाग घेतला. पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली शस्त्रे पळवली. सोंग वठावे म्हणून हौसाताईंनी अंगावर घेतलेला मार मात्र खराच होता.

या परंपरेचा पुढचा धागा वाळवा तालुक्यातील कासेगावला सापडतो. प्रतिसरकारमधील कार्यकर्त्या इंदुताई पाटणकर यांचे पती बाबूजी पाटणकर यांचा १९५२ मध्ये खून झाला. पुढे १९८०च्या दशकात इंदुताई, गेल ऑम्वेट आणि इतर कार्यकर्त्यांनी स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतून सांगली-सातारा भागातील परित्यक्तांना संघटित केले. मागण्या साध्या आणि नेमक्या होत्या : स्वतःच्या नावाची शिधापत्रिका, राहायला घर, कसायला जमीन. जुन्या निवाड्यांत जे राहून गेले होते, ते या बायकांनी स्वतःच्या तोंडाने मागितले.

कायद्यात त्याला आधार मिळायला बराच काळ गेला. पती व सासरच्यांकडून होणारा छळ १९८३ मध्ये दंडनीय गुन्हा झाला. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ मध्ये संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार घर कुणाच्याही नावावर असो, सामाईक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला आहे. तक्रार नोंदवून न्यायालयापर्यंत नेण्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, वकील मोफत मिळतो. रहिमतपूरच्या किंवा आसपासच्या वाडीवस्तीवरच्या बाईला यासाठी आधी पोलीस ठाण्याचीच पायरी चढली पाहिजे असे नाही. १८१ हा महिला मदत क्रमांक फिरवला तरी सुरुवात होते. शेजारणीने हा क्रमांक तिला जरूर सांगावा.