निअरिंग दाम्पत्याचे दगडी घर

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतील स्कॉट व हेलन निअरिंग यांनी क्रम उलटा केला. घर आधी बांधले, विवाह १९४७ मध्ये केला.

स्कॉट निअरिंग (१८८३-१९८३) हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बालमजुरीविरुद्ध उघडपणे बोलणाऱ्या स्कॉट यांना १९१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढून टाकले. पुढे पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल त्यांच्यावर खटला चालला. १९१९ मध्ये ते निर्दोष सुटले, पण अध्यापनाची दारे बंदच राहिली. हेलन नोथ (१९०४-१९९५) या थिऑसॉफिस्ट कुटुंबात वाढलेल्या व्हायोलिनवादक. महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये, पन्नाशीला टेकलेले स्कॉट आणि अठ्ठावीस वर्षांच्या हेलन न्यूयॉर्क सोडून व्हरमाँट राज्यातील एका पडीक शेतावर राहावयास गेले.

तेथील जुने लाकडी घर मोडकळीस आले होते. दोघांपैकी कोणीही गवंडीकाम शिकलेले नव्हते. त्यांनी वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅग यांची पद्धत उचलली. लाकडी फळ्यांचा बुटका साचा भिंतीच्या रेषेत उभा करावयाचा, दगडाची सपाट बाजू बाहेरच्या फळीला टेकवून लावावयाची आणि मागच्या पोकळीत काँक्रीट ओतावयाचे. थर घट्ट झाला की साचा सोडवून वर चढवावयाचा व शेवटी दर्जा भरावयाच्या. साचा ओळंब्यात असला की भिंतही सरळ येते. नवख्यांना ही पद्धत मानवते ती त्यामुळेच. मात्र घाई चालत नाही. फिरताना, शेत नांगरताना सापडेल तो दगड दोघे उचलून आणीत आणि कोपऱ्याचे, दर्शनी, फरशीचे, धुराड्याचे असे वेगवेगळे ढीग लावीत. कुरूप दगडांचाही एक ढीग असे. तेही भिंतीच्या पोटात खपून जात.

दिवसाची वाटणीही ठरलेली होती: चार तास पोटापाण्याचे श्रम, चार तास लेखन-वाचन वा संगीत, चार तास लोकांसाठी. दोघे शाकाहारी, जनावरे पाळावयाची नाहीत, असा दंडकच होता. रोख पैसा मेपल वृक्षाच्या रसापासून येई. हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असली की खोडातून रस पाझरतो. साधारण चाळीस भाग रस आटवल्यावर एक भाग पाक हाती लागतो. आपल्या गुऱ्हाळाची आठवण करून देणाराच हा उद्योग. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९५० मध्ये निघाले.

शेजारच्या डोंगरावर बर्फावरील खेळांचे व्यापारी केंद्र येऊ घातले, तेव्हा १९५२ मध्ये दोघांनी व्हरमाँट सोडले आणि मेन राज्याच्या किनाऱ्यावर पुन्हा शून्यातून आरंभ केला. येथे मेपलची जागा ब्लूबेरीने घेतली. १९५४ मध्ये आलेल्या 'लिव्हिंग द गुड लाइफ'ची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७० च्या पुनर्मुद्रणानंतर मात्र शहरांना विटलेल्या तरुणांची रीघ लागली.

पुस्तकाच्या भरवशावर जमीन घेणाऱ्या अनेकांना एक गोष्ट उशिरा उमगली. निअरिंग यांचा हिशेब केवळ शेतीवर जमत नव्हता. व्याख्याने, लेखन आणि वारशाने आलेला पैसा यांचा त्याला आधार होता, हे पुढे त्यांच्या एका शेजारणीनेच पुस्तक लिहून दाखवून दिले. शिवाय त्यांना मूलबाळ सांभाळावयाचे नव्हते. पदरी लेकरे असलेल्या जोडप्याला चार तासांचे वेळापत्रक पेलणे कठीणच. हा आक्षेप रास्त आहे. भिंती मात्र खऱ्याच होत्या.

मेनमधील अखेरचे दगडी घर त्यांनी १९७० च्या दशकात बांधले. स्कॉट तेव्हा नव्वदीत होते. ते काँक्रीट कालवीत आणि दगड रचण्याचे काम मुख्यतः हेलन करीत. मदतीला तरुण पाहुणे असत. शंभरी जवळ आली तेव्हा स्कॉट यांनी अन्न सोडले आणि ऑगस्ट १९८३ मध्ये याच घरात देह ठेवला. हेलन १९९५ मध्ये मोटार अपघातात गेल्या. त्यांच्या पश्चात घर व बाग 'गुड लाइफ सेंटर' या संस्थेकडे आली.