भाऊसाहेबांच्या टाईपरायटरपासून आजच्या फाईलपर्यंत



शाळेच्या कार्यालयावरून जाताना येणारा तो टकटक आवाज आठवतो ना? सहामाही जवळ आली की भाऊसाहेब दार लोटून घ्यायचे, टाईपरायटरची रिबन बाजूला करायचे आणि मेणाच्या स्टेन्सिलवर आपले पेपर टाईप करायचे. मग सायक्लोस्टाईलवर त्याच्या प्रती निघायच्या. पेपर हातात आला की त्या शाईचा वास आधी यायचा आणि प्रश्न नंतर दिसायचे.

१९९६ साली दहावी झाल्यावर आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली टायपिंग क्लासला गेल्या. मी गेले नाही. ‘मला इंजिनिअर व्हायचंय, टायपिंग कशाला?’ असे मी तोऱ्यात म्हटले होते. तो तोरा कसा उतरला हे सांगायचे, तर आधी थोडा इतिहास सांगायला हवा.

रेमिंग्टन कंपनीने टाईपरायटर बाजारात आणला तो १८७४ च्या सुमारास. आज मोबाईलवर दिसणारी इंग्रजी अक्षरांची मांडणी मुळात त्या यंत्राची. आपल्याकडे १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा टाईपरायटर आणला. पुढे १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला आणि सरकारी कामासाठी मराठी टंकलेखक हवे झाले. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा, मराठी ३० किंवा ४० शब्द प्रति मिनिट, हे प्रमाणपत्र म्हणजे गावातल्या अनेक मुलामुलींसाठी नोकरीचे दार होते.

मराठी टाईपरायटर ही मोठी तडजोड होती. कळा जेमतेम चाळीस-पंचेचाळीस आणि आपल्याकडे काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे! म्हणून युक्ती अशी, की अनेक अक्षरांचा अर्धा भाग एका कळेवर आणि काना दुसऱ्या कळेवर. अर्धा ‘ख’ उमटवायचा, मग काना द्यायचा. पहिली वेलांटी आधी उमटवायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. यंत्राला भाषा कळत नव्हती, फक्त आकार उमटवता येत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

आता माझ्या तोऱ्याकडे येते. २००२ साल, इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष. साठ पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट मी वर्डमध्ये स्वतः लिहिला. नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून एंटर दाबत राहिले. रकाने एकाखाली एक यावेत म्हणून स्पेसबार दाबत राहिले. सादर करायच्या आदल्या दिवशी सरांनी बाराव्या पानावर दोन ओळी वाढवायला सांगितल्या आणि त्यापुढचा सगळा रिपोर्ट विस्कटला. प्रकरणांची नावे पानाच्या तळाशी गेली, रकाने वाकडे झाले.

त्या संध्याकाळी गावातल्या सायबर कॅफेत आपल्याच वर्गातली एक मैत्रीण भेटली. मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस पास. एका कचेरीत हंगामी टायपिस्ट होती आणि नोकरी पक्की व्हावी म्हणून एमएस-सीआयटी करत होती. माझी फाईल बघून ती हसली. म्हणाली, “अगं, टॅब का नाही लावलास? आमच्या मशीनवर पण रकान्यांना टॅबच लावतात.”

खरेच होते. टॅब म्हणजे टॅब्युलेटर. रकाना कुठे सुरू व्हायचा ते टायपिस्ट आधी ठरवून ठेवत आणि एका कळेसरशी तिथे पोचत. शिफ्ट, रिटर्न हे शब्दही त्याच यंत्राकडून आलेले. मी चार वर्षे कॉम्प्युटर शिकत होते, पण कागद कसा मांडायचा हे तिला कळत होते. तिने टॅब दाखवला, कंट्रोल-एंटरने नवे पान सुरू करायला शिकवले आणि मथळ्यांना हेडिंगची स्टाईल द्यायला लावली. रात्री साडेनऊला अनुक्रमणिका आपोआप तयार झाली, तेव्हा मला तिच्यापुढे मान वर करवेना.

पुढे नोकरीत गेल्यावर यामागचा विचार कळला. टाईपरायटरवर उमटलेला कागद हाच दस्तऐवज असतो. संगणकावर मात्र अक्षरे वेगळी साठवली जातात आणि ती कशी दिसावीत याच्या सूचना वेगळ्या. आयबीएमने १९६४ मध्ये चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारा टाईपरायटर आणला, तेव्हा सगळे पान पुन्हा न बडवता फक्त चूक दुरुस्त करणे शक्य झाले. १९७४ च्या सुमारास झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ब्राव्हो हा प्रोग्राम तयार झाला. पडद्यावर दिसेल तसेच कागदावर उमटेल, ही त्याची करामत. तो घडवणाऱ्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड आले. एंटर आणि स्पेसबारने पान सजवणारे आपण मात्र संगणकावरही टाईपरायटरच चालवत असतो, आणि तोही भाऊसाहेबांइतका नीट नाही!

मराठीचा प्रवास आणखी अवघड. १९९० च्या दशकात मराठी मजकूर बहुतेक ठिकाणी खास फॉन्ट वापरून लिहिला जाई. यांतल्या अनेक फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. अर्धा ‘ख’ वेगळा, काना वेगळा, वेलांटी आधी. म्हणजे टाईपरायटरचीच रीत. तो फॉन्ट संगणकावर नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. आता आकार नव्हे, तर अक्षर साठवले जाऊ लागले. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी, अगदी आपण बोलतो त्या क्रमाने. आपल्या घरच्या संगणकांवर हे रुळायला मात्र २००० नंतरची अनेक वर्षे गेली.

याचे मोल मला या स्मरणिकेच्या कामात कळले. आपल्या मराठीच्या बाईंनी शाळेच्या जुन्या अंकासाठी सहलीवर लिहिलेला लेख एका सीडीवर सापडला. छापील अंक कुणाकडेच नाही, आणि बाईही आता नाहीत. फाईल उघडली तर सगळी निरर्थक चिन्हे. फॉन्ट कोणता हे ओळखायला दोन रविवार गेले. मग कुठल्या चिन्हाचे कुठले अक्षर, याचा तक्ता करून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. लेख वाचता येऊ लागला. पण एका ठिकाणी बाई चक्क घाटमाथ्यावरून मुलांना ‘दर्या’ दाखवत होत्या!

सह्याद्रीत समुद्र कुठून आला? मग लक्षात आले, की मूळ शब्द ‘दऱ्या’ होता. रफार आणि आपला तो मराठी अर्धचंद्राकृती ‘र’ यांत माझ्या तक्त्याने गल्लत केली होती. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक बाईंनी आपल्याला फळ्यावर लिहून शिकवला होता, आणि मी त्यांच्याच लेखात ती चूक केली. तक्ता दुरुस्त केला आणि सबंध लेख मोठ्याने वाचून तपासला. वाचताना बाईंचा आवाज ऐकू येत होता. तो लेख या अंकात आहे, जरूर वाचा.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी कुणी पतसंस्थेत आहे, कुणी ग्रामपंचायतीत, कुणी शिक्षक. रोज इतिवृत्ते, अर्ज, परिपत्रके लिहिता. मथळ्याला स्टाईल द्या, रकान्यांसाठी टॅब किंवा तक्ता वापरा, आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधल्या फाईली घरात पडल्या असतील तर मला पाठवा, मिळून वाचू.

आणि हो, ती मैत्रीण आज एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. या अंकाची निमंत्रणपत्रे तिनेच काढली. मजकूर एकदाच लिहिला, नावांची यादी जोडली आणि प्रत्येकाच्या नावाचे पत्र तयार! तुमच्या पत्रावर तुमचे नाव बरोबर आले असेल, तर त्याचे श्रेय तिला द्या.