शेंगा चालतात, मग बटाटा का नाही?



आश्विनात परसातला भुईमूग काढायला येतो आणि बऱ्याच घरांत लेकीसुना एक प्रश्न विचारतात. शेंगा मातीखाली होतात, त्या चालतात. मग बटाटा का नाही? आणि शास्त्रात बटाट्याचं नाव तरी कुठं आहे? प्रश्न रास्त आहे. "आपल्यात चालत नाही" एवढं सांगून तो मिटत नाही.

खरं तर जुन्या ग्रंथांत बटाटा नाही, तसा भुईमूगही नाही. दोन्ही पिकं मूळची दक्षिण अमेरिकेची. पेरू देशात सिपान इथं १९८७ साली एका प्राचीन अधिपतीची कबर सापडली, तिच्यात सोन्याचांदीच्या शेंगांची माळ होती. तिथं भुईमुगाला एवढा मान होता, तेव्हा आपल्याकडं त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपची जहाजं तिकडं पोचली आणि त्यानंतर ही पिकं हळूहळू जगभर पसरली. 'बटाटा' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. भुईमुगाला मात्र आपल्या माणसांनी घरचंच नाव दिलं, भुईतला मूग.

मग या नव्या पिकांची पारख कशावरून करायची? समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात मुळा आणि ओलं आलं वर्ज्य सांगितलं आहे. पण आचार्य नावं सांगून थांबत नाहीत, कारणही देतात: लाभ थोडा आणि जीवघात फार. नावं त्या काळातली असली तरी ते कारण आजही लागू पडतं.

आता परसात बघा. भुईमुगाला पिवळं फूल जमिनीच्या वर येतं. फूल सुकलं की त्यातून आरी निघते, ती वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. मुळं वेगळी, शेंगा वेगळ्या. म्हणजे शेंग हे फळ आहे, कंद नव्हे. एका दाण्यातून एकच रोप येतं. बटाट्याचे तुकडे केले तर डोळा असलेला प्रत्येक तुकडा रुजतो. तोडलेला भाग पुन्हा रुजणं ही शास्त्रानं सांगितलेल्या अनंतकायाच्या खुणांपैकी एक आहे. म्हणून दोघं मातीतलेच असूनही एक ताटात आला आणि एक बाहेर राहिला.

शेंग चालते म्हणून काढणी कशीही करावी असं मात्र नाही. चातुर्मास अजून संपलेला नसतो, मातीत जीव भरपूर असतात. मी अष्टमी-चतुर्दशीला काढणी करत नाही. पानं पिवळी पडली की एक शेंग फोडून बघते. टरफल आतून काळसर झालं असेल तर वेल तयार. माती थोडी सुकू देते, कुदळ न घालता वेल हातानं उपटते आणि माती तिथंच अलगद झटकते. शेंगा हलवल्यावर दाणे खुळखुळेपर्यंत त्या वाळवायच्या. ओलसर राहिल्या तर बुरशी धरतात. ती तब्येतीलाही वाईट आणि जीवोत्पत्तीही होते. भरलेल्या, निरोगी शेंगा टरफलासकट पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढायच्या. उरलेल्यांचं कूट वर्षभराच्या आमटीभाजीला पुरवून वापरायचं.