नागनिकेचा उपवास आणि मनमोडीची श्री : जुन्नर-आंबेगाव प्रांतातील स्त्रीदेहाचे आदर्श

स्त्रीदेहाच्या सौंदर्याची कल्पना कालपरत्वे पालटते, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की, केवळ त्याची पुनरुक्ती करण्यासाठी या त्रैमासिकाची पाने खर्ची घालणे उचित होणार नाही. विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. ही कल्पना कोणाच्या इच्छेने पालटते, आणि ती पालटत असता तिच्या मुळाशी न पालटणारे असे काही राहते की काय? या प्रश्नाचा विचार करण्यास जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके फार सोयीचे आहेत. घाटातील शिलालेख, लेण्यावरील शिल्प, देवस्थानाची पुराणकथा, शिवजन्माचे संस्कृत काव्य आणि तमाशाची राहुटी अशी सुमारे दोन हजार वर्षांची साधने येथे दोन-तीन दिवसांच्या वाटचालीत पाहावयास मिळतात. ती एका ओळीत मांडून त्यांतून काय निष्पन्न होते हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

आरंभ नाणेघाटापासून करू. कोकणातून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानाकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरील या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील हे काम होय. मूर्तींच्या माथ्यावरील नावे आजही वाचता येतात. सिमुक सातवाहनाच्या शेजारी देवी नागनिका व राजा श्रीसातकर्णी यांची नावे आहेत. मूर्ती मात्र गेल्या. पावलांच्या खुणा तेवढ्या मागे राहिल्या. महाराष्ट्रातील ज्या सर्वांत प्राचीन राणीचे नाव आपणांस ठाऊक आहे, ती दिसावयास कशी होती हे सांगणारा दगड अशा रीतीने नष्ट झाला.

तथापि बाजूच्या भिंतींवरील मोठा लेख, खंडित असला तरी, शिल्लक आहे. आणि तो ज्या राणीविषयी बोलतो ती नागनिकाच होय असे सामान्यतः मानले जाते. या लेखात राणीचे वर्णन करताना तिच्या डोळ्यांचा, केसांचा वा वर्णाचा शब्दानेही उल्लेख नाही. तिला लावलेली विशेषणे अशी : ती मासोपवासिनी, म्हणजे महिना महिना उपवास करणारी, ती गृहतापसी, म्हणजे घरात राहून तप करणारी, तिने ब्रह्मचर्य आचरिले, दीक्षा, व्रते व यज्ञ यांत ती निष्णात. देहाचा उल्लेख आलाच तर तो इतकाच, की या देहाने अन्न वर्ज्य केले. पतीच्या पश्चात राज्याचा भार वाहणाऱ्या स्त्रीचा आदर्श देह म्हणजे कृश देह, ही कल्पना आपल्या प्रांतात एवढी जुनी आहे.

परंतु त्याच लेखाचा पुढील भाग वाचल्यावाचून या विशेषणांचा अर्थ पुरता लागत नाही. तेथे अश्वमेधादी यज्ञांच्या दक्षिणांची यादी आहे : हजारोंनी मोजलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी. म्हणजे उपवास करणारी ही स्त्री भरल्या कोठारासमोर बसून उपवास करीत होती. तिचे न जेवणे हे ऐश्वर्याचेच एक अंग होते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

२

नाणेघाटातून जुन्नरास उतरून मनमोडीच्या डोंगरावर जावे. भूतलिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटातील चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत कमलदलाकार कप्पे पाडलेले असून, मधल्या कप्प्यात श्री, म्हणजे लक्ष्मी, उभी आहे. दोन्ही अंगांस कमळांवर उभे असलेले हत्ती व त्यांपलीकडे हात जोडलेले उपासक स्त्रीपुरुष आहेत. याच दर्शनी भागाचे दान चंद नावाच्या एका यवनाने केल्याचा लेख तेथे आहे. बौद्धांचे लेणे, यवनाचे दान आणि वैदिक परंपरेतील श्री, असा हा योग आहे.

शिल्प झिजलेले आहे. तरी त्या काळच्या शिल्पकारांच्या मनातील स्त्रीदेह कसा होता याची शंका राहू नये म्हणून याच जिल्ह्यातील कार्ल्याची मोठी मिथुनशिल्पे शेजारी ठेवून पाहावीत. भरदार खांदे, पुष्ट स्तन, रुंद नितंब, कमरेस मेखला, पायांत जड वाळे आणि वस्त्र जवळजवळ नाहीच. हा देह लपविलेला नाही, तसा तो चोरून पाहण्यासाठीही घडविलेला नाही. तो चैत्याच्या दारी, भिक्षूंच्या नित्य येण्याजाण्याच्या वाटेवर उभा आहे. त्याच्या शेजारचा पुरुषही तितकाच धष्टपुष्ट आहे, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. यावरून आमचे मत असे झाले आहे की, या पुष्टतेचा अर्थ प्रथमतः शृंगार नसून सुबत्ता हा होय. हत्ती म्हणजे मेघ, त्यांच्या सोंडेतील पाणी म्हणजे पर्जन्य, आणि श्रीचा भरलेला देह म्हणजे भरलेले शेत. ज्या व्यापाऱ्यांनी व शेतकऱ्यांनी लेण्यांस दाने दिली, त्यांना देवीपाशी जे मागावयाचे होते तेच तिच्या देहात कोरले गेले.

अशा रीतीने एकाच प्रांतात, फार तर दोनशे वर्षांच्या अंतराने, दोन आदर्श आढळतात : एक उपवासाने वाळलेला, दुसरा धान्यासारखा भरलेला. पहिल्यास पुण्य म्हणत, दुसऱ्यास श्री म्हणत.

३

या दोहोंची सांगड लेण्याद्रीस घातलेली दिसते. कुकडीच्या पलीकडील या डोंगरातील एका विहारात पुढे गिरिजात्मजाची स्थापना झाली, आणि अष्टविनायकांपैकी हे स्थान देवीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कथा अशी की, पुत्रप्राप्तीसाठी गिरिजेने येथे बारा वर्षे तप केले. म्हणजे मातृत्वाच्या पुष्टीसाठी देह आधी कृश करावयाचा. संस्कृत वाङ्मयात हीच गोष्ट कालिदासाने कुमारसंभवात विस्ताराने सांगितली आहे. पहिल्या सर्गात पार्वतीचे वर्णन पावलांपासून वर चढत जाते, कारण देवतेचे वर्णन पायांपासून व मानुषीचे केसांपासून करावे असा संकेत आहे. पाचव्या सर्गात तोच देह ती तपाने झिजविते. गळून पडलेली पानेही खाणे सोडते, म्हणून अपर्णा ठरते. ज्या रूपाने शिव वश झाला नाही ते रूप तिने स्वतःच निंद्य मानले, हे कवीने मुद्दाम नमूद केले आहे. विद्यार्थ्यांस हे दोन सर्ग शिकविताना आम्हांस नेहमी वाटे की, पहिल्या सर्गातील देह पाहणाऱ्याचा आहे आणि पाचव्यातील देह पार्वतीचा स्वतःचा आहे.

राजवाडे व देवालये यांबाहेरची स्त्री पाहावयाची तर हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीकडे वळले पाहिजे. महाराष्ट्री प्राकृतातील या गाथांत नांगऱ्याची बायको आहे, शेताची राखण करणारी मुलगी आहे. त्यांचे सौंदर्य कामाच्या ओघात दिसते. सावळेपणा हा त्यांत उणेपणा नाही. किंबहुना संस्कृत कवींनीही श्यामा हा शब्द गौरवानेच योजिला. मेघदूतातील यक्षपत्नी सडपातळही आहे आणि श्यामाही. तेव्हा सडपातळपणा ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी आणि गोरेपणा ही आपली सनातन आवड, ही दोन्ही विधाने ग्रंथांच्या आधारावर टिकत नाहीत.

४

पुढील काळात दृष्टी पालटली ती पाहण्याच्या हेतूमुळे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कन्यालक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथे पाऊल, बोटे, नाभी, केस यांवरून मुलगी राणी होईल की विधवा याचा निर्णय सांगितला आहे. म्हणजे स्त्रीचा देह हे पतीच्या आयुष्याचे पंचांग झाले. मुलगी पाहण्यास गेल्यावर तिला चालावयास लावणे, केस सोडावयास लावणे, हे प्रकार आमच्या पिढीपर्यंत चालत आले, त्यांचे मूळ रूपापेक्षा या सामुद्रिकात अधिक आहे.

निजामशाहीचा उगम जुन्नरचाच. मलिक अहमदाने इ. स. १४९० मध्ये येथूनच स्वतंत्र सत्तेचा आरंभ केला आणि अहमदनगर नंतर वसविले. त्याच घराण्यातील हुसेन निजामशहा व राणी खुंजा हुमायून यांच्या स्तुतीपर ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सोळाव्या शतकातील सचित्र फारसी काव्य पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रही आहे. त्यातील स्त्रिया उंच, लांबट, लवचिक बांध्याच्या, लांब वेण्यांच्या आहेत. कार्ल्याच्या दगडी स्त्रियांशी त्यांचे नाते दिसत नाही. बहुतेक चित्रांतून राणीची आकृती मात्र मागाहून पुसून टाकलेली आहे. पतीच्या मृत्यूनंतर इ. स. १५६५ पासून तिने कारभार पाहिला आणि १५६९ मध्ये पुत्रानेच तिला कैद केले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुसण्याचा अर्थ उघड होतो. नाणेघाटात काळाने जे केले ते येथे माणसाच्या हाताने केले. सत्ता गेली की स्त्रीचा आदर्श देहही राहू द्यावयाचा नाही, असा हा व्यवहार आहे.

यानंतर शिवनेरी. इ. स. १६३० मध्ये येथे शिवजन्म झाला. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात जिजाबाईंच्या गर्भावस्थेचे व पराक्रमाच्या डोहाळ्यांचे वर्णन आहे. रघुवंशातील सुदक्षिणेच्या वर्णनाची परंपरा त्यामागे उघड दिसते. येथे आदर्श देह गर्भिणीचा आहे, आणि त्याचे मोल पोटातील पुत्रावर ठरलेले आहे. जिजाबाईंनी पुढे काय केले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. काव्याच्या या भागात मात्र त्या प्रथम वीरमातेचे उदर आहेत.

५

छापखान्याने ही सर्व परंपरा घरोघर नेली. राजा रविवर्म्याचा छापखाना इ. स. १८९४ मध्ये मुंबईत निघाला व पुढे याच पुणे जिल्ह्यात मळवलीस आला. त्याची लक्ष्मी मनमोडीच्या श्रीसारखीच कमळावर उभी आहे, हत्तीही आहे. परंतु ती आता साडीचोळीत आहे आणि गौरवर्ण आहे. देह भरलेला राहिला, पण तो झाकला गेला आणि उजळला. याच सुमारास रंगभूमीवरील आदर्श स्त्री तर पुरुषच होता. बालगंधर्वांची नेसण व केशभूषा यांचे अनुकरण कुलीन स्त्रिया करीत. तमाशातही आरंभी स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्याकडे असे.

ती जागा पुढे स्त्रियांनी घेतली, आणि नारायणगाव हे तमाशाचे माहेर झाले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयी सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत येथे आठवते. पूर्ण दिवस भरले असता त्या फडावर नाचत होत्या. वेदना सुरू झाल्यावर त्या पडद्यामागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. पोट नाहीसे झालेले पाहून प्रेक्षक चमकले आणि खेळ थांबवावयास त्यांनीच सांगितले. शिवभारतातील गर्भिणी व लावणीतील नर्तकी हे दोन आदर्श ग्रंथांत कधी एकत्र येत नाहीत. पोटासाठी नाचणाऱ्या स्त्रीच्या ठायी ते एका रात्री एकत्र आले, आणि पाहणाऱ्यांस क्षणभर तरी देहामागचे माणूस दिसले.

६

आता आरंभीच्या मुद्द्याकडे येऊ. आजच्या तरुणींच्या मनावर कृशतेचा जो आदर्श बिंबला आहे, त्यास चित्रपट व जाहिराती कारण आहेत हे खरे. परंतु न जेवणारी स्त्री चांगली, ही शिकवण येथे परकी नव्हती. नागनिकेपासून ती चालत आली. तिचा हेतू तेवढा पालटला : पूर्वी पुण्यासाठी, आता रूपासाठी. न पालटलेले जे, ते हेच की, देह कसा असावा हे ठरविताना स्त्रीच्या पोटाची भूक कोणी हिशोबात धरीत नाही.

आंबेगावच्या पश्चिम भागात आषाढात भाताची आवणी आणि पुढे बेणणी चालते. चिखलात दिवसभर वाकून काम करणारी हीच बाई श्रावणात सोमवार धरते, भीमाशंकरास जाते आणि घरी सर्वांच्या मागून जेवते. तिच्या देहाचे शिल्प कोणत्याही लेण्यात नाही. इ. स. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. यज्ञात हजारो गायी देणाऱ्या राणीचा उपवास आणि हिचा उपवास एकाच शब्दाने ओळखला जातो. पण त्यांत कोठाराएवढे अंतर आहे. राणीचे व्रत राणीस शोभले, कारण ते तिने निवडले होते. ज्या स्त्रीस निवड नाही, तिच्या कृशतेस तप म्हणणे हा शब्दाचा अपव्यवहार होय.

तात्पर्य, आदर्श पालटतात ते पाहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे : दात्यास श्री हवी होती, वरपित्यास सुलक्षणी सून, कवीस वीरमाता. या सर्व आदर्शांत आम्हांस मनमोडीची श्रीच अधिक शहाणी वाटते. तिचा देह आजच्या मापांत बसणार नाही, आणि तिचा अर्थही पुष्कळांस विसरला आहे. परंतु ज्यांनी तिला घडविले त्यांस एवढे निश्चित कळत होते की, बाई भरल्या पोटी असेल तरच घर, गाव व शेत भरलेले राहते.