कार्ल्याची वाट, कोळीगीते आणि कराओके : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मावळ तालुक्यातील कार्ला येथील एकवीरा देवी हे कोकण किनाऱ्यावरील कोळी व आगरी समाजांचे श्रद्धास्थान होय. चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखीसाठी मुंबई, ठाणे, पालघर व रायगड येथील भाविक गड चढतात, तेव्हा समुद्राची गाणी सह्याद्रीच्या माथ्यावर ऐकू येतात. ही गाणी आता कराओके ट्रॅकवरही गायिली जातात. गाणे ज्या श्रमातून जन्माला आले, तो श्रम मागे पडल्यावर ते कोणत्या रूपात टिकते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किनारा आणि घाट

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मावळच्या डोंगरात राहणारे महादेव कोळी आणि किनाऱ्यावर मासेमारी करणारे सोनकोळी हे दोन भिन्न समाज होत. कार्ल्याला येणारी समुद्राची गाणी प्रामुख्याने सोनकोळ्यांची आहेत.

किनारा आणि कार्ला यांचा संबंध मात्र प्राचीन आहे. देवीचे मंदिर ज्या चैत्यगृहाच्या दाराशी उभे आहे, ते सुमारे २००० वर्षांपूर्वीचे असून भारतातील सर्वांत मोठे शैल चैत्यगृह आहे. तेथील एका स्तंभलेखात सोपारा येथील ‘भाणक’ सातिमित याच्या दानाची नोंद आहे. भाणक म्हणजे धर्मवचने मुखोद्गत करून म्हणणारा. या नोंदीवरून कोळीगीतांची परंपरा तितकी जुनी ठरवता येणार नाही. परंतु बंदरातून घाटावर येणाऱ्यांबरोबर कंठातील वाङ्मयही येत होते, एवढे निश्चित म्हणता येते. पुढे १८६३ मध्ये बोर घाटातील रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि मुंबईकर भाविकांचा प्रवास सुकर झाला. तरीही पायी पालख्या आणण्याची प्रथा आजही टिकून आहे.

ध्वनिमुद्रणाचा परिणाम

वल्हवताना, जाळे ओढताना आणि हळदीच्या रात्री म्हटल्या जाणाऱ्या या गाण्यांत एकाने ओळ सांगावयाची व इतरांनी ती झेलावयाची, अशी रचना आढळते. त्यामुळे बेताचा आवाज असलेल्यासही गाण्यात स्थान मिळते. ध्वनिमुद्रिकांनी या रचनेस नवे रूप दिले. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी आणि वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ या संचाने कोळीगीते घरोघरी पोहोचविली. मंचरला बालपण घालविलेल्या शांता शेळके यांनी ‘मी डोलकर’ लिहिले. हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात ते लता मंगेशकर व बंगाली गायक हेमंत कुमार यांनी गायिले. म्हणजे या लोकप्रिय कोळीगीताचे कर्ते कोळी समाजातील नव्हते. असे असूनही ते समाजाने आपलेसे केले, ही बाब महत्त्वाची आहे.

जपानमधील समांतर उदाहरण

‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे संक्षिप्त रूप. १९७१ मध्ये कोबे येथील वादक दाइसुके इनोउए यांनी साथसंगत पुरविणारे यंत्र मद्यगृहांना भाड्याने दिले. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नव्हते. जपानमध्ये कराओकेवर गायिल्या जाणाऱ्या जुन्या गाण्यांत ‘सोरान बुशी’ हे होक्काइदो बेटावरील मच्छीमारांचे गीतही आहे. हेरिंग मासे जाळ्यातून उपसताना ते म्हटले जात असे. १९५० च्या दशकात तेथील हेरिंगची मासेमारी कोसळली. गाणे मात्र राहिले. १९९० च्या दशकात वाक्कानाई येथील एका माध्यमिक शाळेने त्याच्या नव्या चालीवर समूहनृत्य बसविले आणि ते देशभरातील शाळांत पसरले. ज्या गाण्याचा व्यवसाय संपला, त्यास यंत्राने एकेकटे गायक दिले. समूह परत दिला तो शाळेने.

निष्कर्ष

कराओके ट्रॅक गाण्याची पट्टी, लांबी व पाठ निश्चित करतो. त्यात एकट्या गायकाची सोय होते. परंतु ओळ झेलणाऱ्यांचे काम यंत्राकडे जाते. कोळीगीताचा प्राण नेमका या झेलण्यात आहे. म्हणून यंत्रास विरोध करणे हा उपाय नव्हे. लोणावळा व तळेगाव परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी चैत्री यात्रेत गायकांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करावे; गाव, प्रसंग, सांगणाऱ्याची ओळ आणि झेलणाऱ्यांची ओळ यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. गाणे सांगणाऱ्याचे नावही नोंदले जावे. स्तंभाचे दान देणाऱ्या भाणकाचे नाव कार्ल्याच्या दगडात राहिले. त्याच गडावर गाणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे मात्र बहुधा कोठेच लिहिली गेलेली नाहीत. ही उणीव दूर करणे आपल्या हाती आहे.