लहान मल्ल, मोठा मल्ल आणि घड्याळ : ब्राझिली जिउ-जित्सूच्या सामन्यांविषयी

किरकोळ बांध्याच्या माणसाने आपल्याहून दीडपट वजनाच्या प्रतिस्पर्ध्याला नमवावे, ही कल्पना बहुतेक सर्व देशांच्या मल्लविद्येत कोठे ना कोठे आढळते. ब्राझीलमध्ये वाढलेल्या जिउ-जित्सूने मात्र ती आख्यायिकेपुरती न ठेवता आपल्या विद्येचे प्रमेय म्हणून मांडली. ह्या प्रमेयाची चर्चा सामान्यतः डावपेचांच्या अंगाने होते. तरफेचे तत्त्व, सांध्यांची रचना, गळ्याच्या शिरा असे विषय तीत येतात. ते विवेचन खोटे नाही, पण अपुरे आहे. कोणता डाव चालेल हे शरीरावर जितके अवलंबून असते, तितकेच सामना केव्हा संपला असे मानावयाचे ह्या संकेतावरही असते. आणि हा संकेत गेल्या शंभर वर्षांत एकदा नव्हे, अनेकदा बदलला आहे.

आधी नावाचा विचार करणे सोयीचे होईल. जपानी ‘जू’ ह्या पदात मार्दव, लवचीकपणा, वाकून न मोडण्याचा गुण असा अर्थ आहे. जिगोरो कानो ह्याने १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही शाळा स्थापिली, तेव्हा त्याने हे पहिले पद कायम ठेवले आणि ‘जुत्सू’ म्हणजे कला ह्याऐवजी ‘दो’ म्हणजे मार्ग हे पद स्वीकारले. मित्सुयो माएदा हा कोदोकानचाच विद्यार्थी. १९०४ मध्ये तो अमेरिकेस गेला, त्या वेळी पाश्चात्त्य देशांत दोन्ही गोष्टींना सरसकट ‘जिउ-जित्सू’ म्हणत. तेच नाव, त्याच जुन्या रोमन वर्णरचनेनिशी, ब्राझीलमध्ये रुजले. म्हणजे नाव जुन्या कलेचे आणि आशय बव्हंशी कानोच्या नव्या शाळेचा, अशी ही जोडी आहे. शब्द घर सोडताना जो वेष घालून निघतो तो परदेशी जपतो, मायदेशी मात्र तो वेष बदललेला असतो. तंजावरच्या मराठीत जुनी रूपे टिकून राहिली, त्यातलाच हा प्रकार.

कानो स्वतः जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा होता. ‘जू’ ह्या तत्त्वाचे त्याने केलेले स्पष्टीकरण अंकगणितासारखे आहे. समोरच्याचे बळ दहा मात्रा आणि आपले सात मात्रा धरावे. तो सर्व बळानिशी ढकलीत असता आपण विरोध केला, तर आपण मागे जाणारच. परंतु त्याच्या ढकलण्याच्या प्रमाणातच आपण मागे सरलो, तर त्याचा तोल जातो आणि त्या क्षणी त्याचे उपयोगी बळ तीनच मात्रांवर येते. आपल्या साताचे निम्मे खर्चूनही त्याला पाडता येते. हे गणित तोल गेलेल्या उभ्या माणसाचे आहे. दोघेही जमिनीवर पडल्यानंतर काय, हा प्रश्न त्यात येत नाही, आणि ब्राझीलचा सारा इतिहास ह्याच प्रश्नाभोवती फिरतो.

माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे अमेझॉनच्या मुखाजवळील बेलें ह्या शहरात स्थायिक झाला. तेथेच १९४१ मध्ये त्याचा अंत झाला. तो स्वतः मध्यम चणीचा असून देशोदेशी फिरून अवजड पहिलवानांशी लढलेला होता. बेलेंमधील ग्रेसी कुटुंबातील कार्लोस हा त्याचा शिष्य, आणि कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ (१९१३–२००९) ह्याने नाजूक प्रकृतीमुळे नुसते पाहून विद्या उचलली व ती अशक्त माणसाला पेलेल अशी बदलली, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. ह्या परंपरेतील गुरुशिष्यसंबंधाच्या तपशिलांबद्दल अलीकडील संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत. जमिनीवरील झुंजही ब्राझीलचीच निर्मिती नव्हे. जपानी विद्यालयांच्या ‘कोसेन’ स्पर्धांत ती १९१४ पासून जोमाने चालू होती. ग्रेसींचे वैशिष्ट्य शोधावयाचे ते त्यांनी कोणत्या अटींवर सामने खेळले ह्यात.

मराठी वाचकाला हा मुद्दा कुस्तीच्या आधारे चटकन कळेल. आपल्या मातीतील निकाली कुस्तीत पाठ टेकली की मल्ल चीत झाला, कुस्ती संपली. जुदोत पाठीवर स्वच्छ आपटल्यास तत्काळ निकाल लागतो आणि पाठीवर ठरावीक काळ दाबून धरल्यासही लागतो. दोन्ही पद्धतींत वजनदार मल्लाचा हा उघड लाभ आहे. कारण खाली पडलेल्या माणसावर भार टाकून राहणे हे अवजड शरीराला निसर्गतःच साधते. ब्राझिली पद्धतीत पाठ टेकणे हा पराभव मानला गेला नाही. पाठीवर पडून प्रतिस्पर्ध्याला दोन पायांच्या मध्ये अडकवून ठेवण्याची जी स्थिती, तिला तेथे ‘ग्वार्दा’ (इंग्रजीत गार्ड) म्हणतात. लहान मल्लाची लढाई तेथे संपत नसून सुरू होते: पायांचे बळ समोरच्याच्या हातांविरुद्ध वापरावयाचे, त्याला उलथून पाडावयाचे, त्याच्या पाठीमागे जावयाचे, आणि सांधा पिरगाळून किंवा गळा आवळून शरणागती घ्यावयाची. एका संस्कृतीत जो पराभवाचा क्षण, तोच दुसरीत आरंभाचा. एकाच मुद्रेचे दोन अर्थ व्हावेत, ह्याहून चांगले उदाहरण अर्थविचाराच्या अभ्यासकाला सापडणे कठीण.

ह्या पद्धतीला दुसरी एक गोष्ट लागत असे, ती म्हणजे वेळ. अवजड माणूस लवकर दमतो, निदान लवकर दमेल अशी आशा असते. म्हणून न हरणे हेच एलिओच्या लेखी पहिले यश होते. १९३४ मध्ये व्लादेक झ्बिश्को ह्या कितीतरी वजनदार पोलिश मल्लाशी त्याची लढत बरोबरीत सुटली, आणि ती विजयासारखी सांगितली गेली. (ह्याच व्लादेकचा थोरला भाऊ स्तानिस्लाउस १९१० मध्ये लंडनला गामाशी लढला होता. तेथे अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक वेळ पालथे पडून राहून त्याने बरोबरी मिळविली. १९२८ मध्ये पतियाळ्यास मात्र गामाने त्याला मिनिटभरातच चीत केले. तेव्हा वेळ काढणे हे केवळ लहानांचेच शस्त्र आहे, असे समजू नये.)

एलिओची सर्वांत गाजलेली लढत २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना क्रीडागारात मासाहिको किमुरा ह्या जपानच्या अग्रगण्य जुदोपटूशी झाली. दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या ठरल्या होत्या. दुसऱ्या फेरीत किमुराने एलिओचा हात मागे पिरगाळला. एलिओने शरणागतीची खूण केली नाही, तेव्हा कार्लोसने भावाच्या वतीने सामना थांबविला. ह्या लढतीच्या वृत्तांतांत भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे काही आहे. ग्रेसी परंपरा एलिओचे वजन पासष्ट किलोंच्या आत-बाहेर धरते आणि किमुराला अतिशय अवजड ठरविते. उलट किमुराच्या आत्मचरित्रात एलिओ १८० सेंटिमीटर उंच आणि ८० किलो वजनाचा आहे! एकाच शरीराची ही दोन मापे एकत्र खरी असणे शक्य नाही. वजनाचा आकडा येथे वर्णन राहिलेला नाही, तो युक्तिवाद झाला आहे. हरणाऱ्याला प्रतिस्पर्धी मोठा हवा असतो आणि जिंकणाऱ्यालाही तो फार लहान नको असतो. अशा लढतींचे जुने वृत्तांत वाचताना ही खबरदारी घ्यावीच लागते. पराभूतांच्या बाजूने एक उदारपणाही दिसतो: ज्या पकडीने एलिओ हरला तिचे जपानी नाव मागे पडले आणि ब्राझिली परंपरेत ती ‘किमुरा’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

अमर्याद वेळ लहान मल्लाला तारते, ह्या समजुतीला पहिला जबर धक्का घरातूनच बसला. २४ मे १९५५ रोजी एलिओ आपलाच पूर्वीचा शिष्य वाल्देमार सांताना ह्याच्याशी वेळेचे बंधन न घालता लढला. एलिओ एकेचाळीस वर्षांचा होता. सांताना पंचविशीचा, अंगाने भारी आणि त्याच शाळेत शिकलेला. साडेतीन तासांहून अधिक काळ चाललेली ही लढत सांतानाने थकलेल्या गुरूला लाथेने पाडून संपविली. प्रतिस्पर्ध्याला विद्या अवगत नसेल तर घड्याळ लहान माणसाच्या बाजूने चालते. दोघांनाही विद्या सारखीच अवगत असेल तर ते वयाच्या आणि वजनाच्या बाजूला झुकते. ब्राझिली जिउ-जित्सूचा पुढील इतिहास म्हणजे ही विद्या सर्वांनाच अवगत होत गेल्याचा इतिहास आहे, आणि म्हणून सांतानाची लढत किमुराच्या लढतीपेक्षा अधिक महत्त्वाची मानली पाहिजे.

१९६७ मध्ये ग्वानाबारा राज्यात, म्हणजे त्या वेळच्या रिओ शहरात, जिउ-जित्सूचा महासंघ स्थापन झाला आणि ठरावीक वेळ व गुण ह्यांनी बांधलेली स्पर्धा रूढ होऊ लागली. १९९४ मध्ये ब्राझिली महासंघ निघाला, आणि १९९६ मध्ये रिओतच पहिली जागतिक स्पर्धा भरली. आजच्या नियमांत काळ्या पट्ट्याच्या प्रौढांची लढत दहा मिनिटांची असते. पाडल्यास किंवा खालून उलथल्यास दोन गुण, पायांचा अडसर ओलांडल्यास तीन, छातीवर बैठक मारल्यास किंवा पाठीवर ताबा मिळविल्यास चार. वजनांचे गटही आले. पुरुषांचा सर्वांत हलका गट, ५७.५ किलोंपर्यंतचा, ‘गालो’ म्हणजे कोंबडा. त्यापुढचे दोन ‘प्लुमा’ आणि ‘पेना’, दोहोंचाही अर्थ पीस. पिसांतही ६४ किलोंचे आणि ७० किलोंचे असा भेद करावा लागला, ही कोशकाराने टिपून ठेवावी अशी गोष्ट आहे.

वजनगट आल्यावर मूळ प्रमेय कोठे गेले? ते ‘आब्सोलुतो’ नावाच्या एका गटात राहिले. येथे वजनाची अट नाही. कोणीही कोणाशीही लढावे. जुदोतही असा खुला गट होता. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये, योगायोगाने २३ ऑक्टोबरलाच, नेदरलंड्सच्या जवळजवळ दोन मीटर उंचीच्या आंतोन खेसिंक ह्याने अकिओ कामिनागाला त्याच गटात दाबून धरून हरविले. १९८४ नंतर ऑलिंपिकमधून वैयक्तिक खुला गट वगळण्यात आला. जपानच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत तो चालूच राहिला. तेथे १९९० मध्ये हलक्या गटाचा तोशिहिको कोगा अंतिम फेरीपर्यंत गेला आणि सुमारे १३० किलो वजनाच्या नाओया ओगावाकडून हरला.

आब्सोलुतोचा पुरावा काय सांगतो? जागतिक स्पर्धेत २०१२ ते २०१९ ह्या आठ वर्षांत मार्कुस अल्मेइदा ह्याने हे पद सहा वेळा मिळविले, आणि तो सर्वांत अवजड गटाचा मल्ल. २०१८ मध्ये त्याने ते दुखापतीमुळे लढू न शकलेल्या लेआंद्रो लो ह्याला सोडून दिले. लो एकेकाळी ७६ किलोंच्या गटातला विजेता; परंतु तोवर त्याने स्वतःच वजन पुष्कळ वाढविले होते. आबू धाबी येथे १९९८ पासून सुरू झालेल्या, जाकिटाविना खेळावयाच्या स्पर्धेत पुरुषांत ७७ किलोंखालील कोणीही आजवर खुला गट जिंकलेला नाही. सर्वांत जवळ गेला तो मार्सेलो गार्सिया. २००५ मध्ये त्याने पूर्वीचा अवजड गटाचा व्यावसायिक विजेता रिको रॉड्रिगेझ ह्याला शरण आणले. २००७ मध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला आणि आपल्याहून बऱ्याच वजनदार अशा रॉबर्ट ड्रिसडेलकडून हरला. गार्सियाचा खेळ पाहिला तर लहान मल्लाने काय करावे ह्याचा धडाच मिळतो: समोरच्याच्या भाराखाली क्षणभरही स्थिर राहावयाचे नाही, दोन्ही पाय त्याच्या एका पायाखाली फुलीसारखे घालून त्याला उचलावयाचे, हात ओढून त्याच्या पाठीमागे जावयाचे. पाठीवर बसलेल्या माणसावर वजन टाकता येत नाही, इतके साधे हे तत्त्व आहे.

अमेरिकेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मिश्र लढतींत रॉयस ग्रेसीने हेच प्रमेय पुन्हा सिद्ध केल्याचा बोलबाला झाला. डिसेंबर १९९४ मध्ये त्याने सुमारे ११८ किलोंच्या डॅन सेव्हर्नला पायांच्या त्रिकोणात गळा आवळून शरण आणले. त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला आणि तो सर्व वेळ तो खाली होता. पुढच्याच एप्रिलमध्ये वेळेची मर्यादा आली, आणि केन शॅमरॉकशी त्याची लढत छत्तीस मिनिटांनंतर बरोबरीत सुटली. १९९७ मध्ये तेथेही वजनगट सुरू झाले.

मर्यादित वेळ आणि गुण ह्यांनी लहान मल्लाचे केवळ नुकसानच केले, असे मात्र म्हणता येणार नाही. अवजड मल्ल दोन गुण घेऊन वर स्वस्थ बसू शकतो, हे खरे. परंतु हलक्या मल्लालाही एकदाच उलथून पाडून तेवढेच गुण मिळतात, आणि सांतानासमोरच्या चौथ्या तासाची वेळ त्याच्यावर येत नाही. २०१५ मध्ये आबू धाबीच्या व्यावसायिक स्पर्धेत महिलांच्या खुल्या गटात मॅकेंझी डर्न हिने आपल्याहून कित्येक किलोंनी भारी असलेल्या गाब्रिएली गार्सिया हिच्यावर मात केली. त्या लढतीला वेळेची मर्यादा होती.